मनगटावरचं ऊन

एरवी बाईंच्या घरात घड्याळं इतकी, की आल्यागेल्याला चहाचा कप टेकवायला जागा सापडत नसे. पण ज्या दिवशी त्यांना एका घड्याळाची खरोखर गरज होती, त्या दिवशी घरात दुसरं घड्याळ औषधालाही नव्हतं. सगळी वाचनालयात गेली होती, काचेच्या कपाटात, प्रदर्शनाला. एकच घरी होतं, हिरव्या तबकडीचं, आणि त्यानंच घात केला.

बाई म्हणजे एक्स-रेबाई. हॉस्पिटलच्या तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गावातल्या निम्म्या लोकांच्या बरगड्या त्यांनी पाहिल्या असतील, पण रस्त्यात कुणी भेटलं तर ओळखायची पंचाईत. हाडं लक्षात राहायची, चेहरे नाही. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी हौसेनं एक घड्याळ आणून दिलं होतं. उन्हावर चालणारं. चावी द्यायला नको, बॅटरी बदलायला नको, आयुष्यभराची निश्चिंती! ते महिन्याभरातच बंद पडलं. बाई तणतणत दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्यानं घड्याळ उघडलंसुद्धा नाही. दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसला. थोड्या वेळानं काटा हलला. "याला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "याला ऊन दाखवत जा."

बाई हसल्या. मग पायरीवर उभ्या असताना त्यांच्या लक्षात आलं, की ऊन आपल्यालाही कुणी दाखवलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर बसायला लागल्या, डावा हात गुडघ्यावर पसरून. येणारेजाणारे म्हणायचे, "बाई हात वाळत घालून बसल्यात."

तिथून वेड लागलं ते लागलंच. जुनी, अगदी सुरुवातीच्या काळातली घड्याळं त्या शोधून शोधून आणायच्या. जाडजूड पोलादी, काळ्या काचेच्या पट्ट्या तबकडीवर जोडलेली, दिसायला कुणाची दृष्ट लागावी अशी मुळीच नाहीत. या घड्याळांची एक खोड असते. पोटात जे ऊन साठवायचं असतं ते म्हातारपणी साठत नाही. नवी असताना कपाटात महिनोन्महिने चालतील, जुनी झाली की रात्र कशीबशी काढतात, पण सकाळी उजेड दिसला नाही तर मान टाकतात. म्हणून बाईंनी त्यांना ट्रेमध्ये मांडलं होतं. सकाळी ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारी गॅलरीत, संध्याकाळी झोपायच्या खोलीत. ऊन घरातून जसं फिरेल तशा बाई ट्रे घेऊन त्याच्यामागून फिरायच्या. त्यामुळे दिवसा कुठं जाणं नाही, मुक्काम तर नाहीच. भाऊ त्याच गावात राहायचा. तो म्हणायचा, "ताई, लोक मांजर पाळतात. ते निदान अंगावर तरी येऊन बसतं."

भावाचं बोलणं बाई कधी मनाला लावून घेत नसत. पण ते खरं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याशी दिवसभरात बोलणारं कुणी नव्हतं. अपवाद एक. दर रविवारी सकाळी घरचा फोन वाजायचा आणि पलीकडून सिग्नलवाले बोलायचे.

सिग्नलवाले रेल्वेत होते. कुठल्याशा आडगावच्या केबिनमध्ये सिग्नल पाडण्यात त्यांचा जन्म गेला. त्या केबिनच्या छपरावर उन्हावर चालणाऱ्या दिव्याची काच बसवली, तेव्हापासून त्यांनाही हाच नाद. जुन्या घड्याळाच्या पट्ट्यासाठी त्यांनी मासिकात दिलेली चार ओळींची जाहिरात वाचून बाईंनी फोन केला होता. पट्टा काही जमला नाही, फोन मात्र सुरू राहिले. किती वर्षं, ते दोघांनीही मोजलं नव्हतं. सुरुवातीला घड्याळांबद्दल. मग गुडघ्यांबद्दल. मग सिग्नलवाल्यांची बायको गेली तेव्हा बरेच रविवार ते नुसते फोन धरून बसायचे, आणि बाई इकडे ट्रेमधल्या एकेका घड्याळाची वेळ वाचून दाखवायच्या. सगळ्यांची एकच असायची. तरी ते ऐकायचे.

हिरवं घड्याळ त्यांनीच पाठवलेलं. "हे माझ्याकडे रुसलंय, तुमच्याकडे चालेल," एवढंच म्हणाले होते. ते चाललं.

पण दोघं कधी भेटले नव्हते. मधे अख्ख्या दिवसाचा प्रवास, आणि दोघांच्याही घरी उन्हाला लावलेली घड्याळं. जाणार कोण? फोटो पाठवा असं म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही. म्हणजे बाईंना सुचलं होतं, पण ते जिभेवर आलं की त्यांना उगाचच लाज वाटायची. या वयात कसली लाज, असं त्या स्वतःला दटावायच्या आणि पुन्हा काही बोलायच्या नाहीत.

मग एका रविवारी सिग्नलवाले म्हणाले, "बाई, मुलगा तिकडे बोलावतोय. कायमचंच."

"तिकडे" म्हणजे समुद्रापलीकडे, जिथं सहा महिने आभाळ खाली येऊन बसतं असं ते सांगत होते. घड्याळं त्यांनी वाटून टाकली होती. एक तेवढं ठेवलं होतं, चौकोनी, डोक्यावर काच असलेलं, आकडे लाल उजळणारं. तसल्या घड्याळासाठी बाईंनी आयुष्यभर डोळे लावले होते.

"ते तुमचं. कुरिअरनं पाठवणार नाही. विमानतळाची बस तुमच्याच गावातून सुटते ना? सकाळच्या गाडीनं उतरतो, दोनच्या बसनं जातो. बाराला वाचनालयात येतो. प्रदर्शनही बघीन आणि..." ते थांबले. "प्रदर्शन बघीन."

"तुम्हाला ओळखायचं कसं?" बाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून.

"चौकोनी घड्याळ हातात घालूनच येतो. आणि तुम्ही?"

"मी हिरवं घालते."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या आणि गॅलरीतले ट्रे आत घ्यायचे विसरल्या. त्यांना या माणसाचा चेहरा एकदा बघायचा होता. बाकी काही नको होतं. आवाज माहीत होता, खोकला माहीत होता, हसताना मध्येच श्वास अडकतो ते माहीत होतं. हे सगळं कुठल्या चेहऱ्यातून येतं, तेवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढं रविवार मोकळे गेले तरी चालतील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. चालणार नव्हते, पण ठरवून टाकलं होतं.

प्रदर्शनाचं म्हणाल, तर त्याची शोभाच होती. वाचनालयातल्या माणसानं एक काचेचं कपाट रिकामं करून दिलं, हेच पुष्कळ. त्याला सगळे शांतताराव म्हणत, कारण "शांतता" याखेरीज दुसरा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघे. कपाट वाचनकक्षाच्या कोपऱ्यात होतं, ट्यूबलाइटच्या मरतुकड्या उजेडात. बाई रोज जाऊन ट्रे वाचनालयाच्या पायऱ्यांवर उन्हात नेऊन ठेवायच्या आणि परत आणायच्या. लोक वर्तमानपत्र वाचायला यायचे. एकानं विचारलं, ही विकायची आहेत का. दुसऱ्यानं बाथरूम कुठं आहे ते विचारलं. भाऊ आणि वहिनी आले. वहिनीनं सगळं कपाट नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या घड्याळांत तुम्हाला आमच्याकडे यायला मात्र वेळ नाही हो, वन्सं." भाऊ हसला. बाईही हसल्या, कारण वहिनी खोटं कुठं बोलत होती?

कपाटात मधोमध एक जागा त्यांनी मोकळी सोडली होती. चौकोनी घड्याळाची.

सिग्नलवाले प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी येणार होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी हिरवं घड्याळ कपाटातून काढून घरी आणलं. पट्टा ओल्या फडक्यानं पुसला, काच पुसली. आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांनी कधी कुणाला करू दिलं नसतं. घरच्या कपाटाच्या तळाशी एक मखमली डबी होती, कधीतरी कशाबरोबर तरी आलेली. एवढ्या मोठ्या दिवसाचं घड्याळ, ते काय असंच टेबलावर टाकायचं? बाईंनी ते डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि उशाशी घेतलं. एखाद्या नवख्यानं असं केलं असतं तर त्याला बाईंनी फाडून खाल्लं असतं.

रात्री झोप येईना. काय बोलायचं, चहा कुठं घ्यायचा, खुर्च्या कुठं ठेवायच्या. डोळा लागला तो पहाटे, आणि इतका गाढ लागला की जाग आली तेव्हा खोलीत लख्ख उजेड होता. बाई धडपडून उठल्या. डबी उघडली.

सव्वासात. सेकंदकाटा टुकटुक पळत होता.

बाईंनी "हुश्श" केलं. आपल्याला वाटलं तितका उशीर झाला नाही, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या डोकं धुवायला बसल्या. बारापर्यंत जन्म पडला होता.

आता ही घड्याळं काय करतात, तेही सांगायला हवं. अंधारात दम संपला की बंद पडतात. उजेड मिळाला की जिथं थांबली तिथूनच पुन्हा चालू होतात, जसं मधे काही घडलंच नाही. चेहऱ्यावर अपराधाची रेघ नाही. हे बाईंना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? जगात दोन माणसांना पक्कं माहीत असेल तर त्यातल्या एक त्या. पण त्यांच्या घरात घड्याळ कधी बंद पडतच नसे. त्यासाठीच तर सगळा जन्म ट्रे उचलण्यात घातला होता. चालू घड्याळ म्हणजे बरोबर घड्याळ, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

खुणा पुष्कळ होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन, जे चहाच्या वेळी ओट्यावर हवं, ते ओटा सोडून केव्हाच खाली उतरलं होतं. बाईंनी ते बघितलं. मनाशी म्हणाल्या, ऋतू फिरला वाटतं. खाली रस्त्यावर शाळेच्या पोरांची गर्दी नव्हती. सुट्टी असेल. समोरच्या दुकानानं शटर सगळं वर केलं होतं. आज लवकर उघडलंन. पोटात कावळे ओरडत होते, त्याला त्या म्हणाल्या, जिवाला लागलेली धाकधूक. घरातल्या उन्हाची इंच-इंच वाट पाठ असलेली बाई, पण त्या दिवशी ऊन गळा फोडून खरं सांगत होतं आणि बाई मनगटाकडे बघत होत्या.

सव्वाअकराला, म्हणजे घड्याळाच्या सव्वाअकराला, त्यांनी दाराला कुलूप लावलं. जिना अर्धा उतरल्या असतील तोच आत फोन वाजायला लागला. बाई थबकल्या. सिग्नलवाले स्टेशनवरून करत असतील, पोचलो म्हणून. पण परत वर चढायचं, कुलूप काढायचं, गुडघे हे असे. त्यात वेळ जाईल आणि नेमके ते येऊन उभे राहतील. फोनवर तर इतकी वर्षं बोललोच की! बाई जिना उतरून गेल्या. फोन त्यांना बराच वेळ ऐकू येत राहिला.

वाटेत त्यांनी बिस्किटांचा पुडा घेतला. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना त्यांनी मनगट पाहिलं. पावणेबारा. केसांवरून हात फिरवला. आत शिरल्या आणि दाराशेजारच्या टेबलाशी बसलेला शांतताराव उठून उभा राहिला. तो कुणासाठी उठत नसे.

"बाई, होतात कुठं तुम्ही?" तो कुजबुजला. त्याला मोठ्यानं बोलताच येत नसे. "मी घरी फोन केला. किती वाजू दिला!"

"आले का ते?"

"आले आणि गेले. दीड तास बसले होते. आत्ताच निघाले, बससाठी."

बाईंनी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. वाचनालयाचं गोल घड्याळ. बॅटरीवर चालणारं, प्लॅस्टिकचं, ज्याच्याकडे त्यांनी प्रदर्शनाचे सगळे दिवस ढुंकून पाहिलं नव्हतं. पावणेदोन.

काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. डबी, झाकण, ओट्यावरून उतरलेलं ऊन, रस्ता, शटर, सगळं एकदम. त्यांनी टेबल धरलं.

"बंद पडलं होतं का घड्याळ?" शांततारावानं त्यांच्या मनगटाकडे बघत विचारलं.

"नाही. चालू होतं."

"मग?"

"चालू होतं," बाई पुन्हा म्हणाल्या. समजावून सांगायचं त्यांच्यात त्राण नव्हतं. हे ज्याला समजावून सांगावं लागलं नसतं असा माणूस एकच होता.

शांतताराव चुळबुळला. "ते म्हणाले, बाई येतील तेव्हा त्यांना काही बोलू नका. त्यांचं घड्याळ अंधारात राहिलं असणार. म्हणाले, दुसरं कारण असूच शकत नाही."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. मधल्या मोकळ्या जागेत चौकोनी घड्याळ बसलं होतं. लाल आकडे उजळलेले, वेळ अगदी बरोबर. शेजारची दोन घड्याळं कुणीतरी थोडी सरकवून सरळ केली होती. बाईंनी ती तशी ठेवली नव्हती.

"कसे होते दिसायला?" त्यांनी विचारलं.

"कोण? ते? म्हातारे होते."

"म्हणजे कसे? उंच?"

"बसले होते की हो. उंची काय कळणार?"

"चष्मा?"

शांततारावानं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असेल," तो म्हणाला. "या वयाला असतोच."

"केस? रंग? अहो, काहीतरी आठवा! तुमच्यासमोर दीड तास बसला माणूस!"

बाईंचा आवाज इतका चढला की वाचनकक्षातल्या सगळ्या माना वळल्या. शांतताराव "शांतता" म्हणाला नाही. त्यानं खाली मान घातली आणि म्हणाला, "मला काय माहीत बाई, की तुम्ही त्यांना बघितलेलंच नाही."

बसचा थांबा चौकापलीकडे होता. बिस्किटांचा पुडा टेबलावर राहिला. बाई निघाल्या ते धावतच, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जितकं धावता आलं तितकं. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्यानं कचकन ब्रेक दाबून त्यांच्या डोळ्यांचा उद्धार केला. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

बस उभी होती. दार लागलेलं, इंजिन सुरू, सामान चढवून झालेलं. बाई तिच्या कडेला येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या आणि एका टोकापासून खिडक्या बघायला लागल्या. चौथ्या खिडकीत एक म्हातारा. सहाव्यात एक, डोळे मिटलेला. मागं आणखी दोघं, टोपीवाले. प्रत्येकाच्या चेहऱ्यात त्या तो आवाज बसवून बघत होत्या, आणि तो प्रत्येकात बसत होता. मग त्यांना वाटलं, हात बघावेत. सिग्नलवाल्यांनी चौकोनी घड्याळ काढून ठेवलंय, म्हणजे मनगट मोकळं असेल. त्यांनी हात बघितले. बसमध्ये एकाच्याही हातात घड्याळ नव्हतं. हल्ली कुणाच्याच नसतं.

शेवटी बाईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि डावा हात उंच केला, तबकडी खिडक्यांकडे करून. हेच ठरलं होतं. हिरवं दिसलं की त्यांनी ओळखायचं. नावानं हाक बाईंनी त्यांना कधी मारलीच नव्हती. 'सिग्नलवाले' असं भर रस्त्यात ओरडायचं कसं? पण त्या ओरडल्या. "सिग्नलवाले!" इंजिनाच्या आवाजात ते त्यांनाच नीट ऐकू आलं नाही.

बस हलली. खिडक्या एकेक करून समोरून सरकायला लागल्या. चौथ्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं हात वर केलेल्या बाईंना बघितलं, मनगटाकडे बघितलं आणि त्याला दया आली असावी. त्यानं घाईनं खिशातून मोबाइल काढला, त्यावर बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "दोन वाजले, बाई! बरोब्बर दोन!"

आवाज ओळखीचा नव्हता.

ते पलीकडच्या बाजूला बसले असतील. किंवा डोळे मिटलेले तेच असतील. किंवा टोपीवाल्यांतले एक. बस वळणावर गेली, मागची काच उन्हात एकदा चमकली आणि मग रस्ता मोकळा झाला. बाईंना रडू फुटलं. थांब्यावरची माणसं बघत होती, तरी त्यांनी ते आवरलं नाही. हात अजून वरच होता. तो खाली घेताना त्यांची नजर तबकडीवर गेली. भर उन्हात घड्याळ सुरेख चाललं होतं. त्यात बारा वाजत होते.